फेट्याचा टप

टपोरा थेंब बाळाच्या टोपड्यावर पडला तशी इंदुमतीनं दचकून वर पाहिलं. मोटारीला टप नव्हता. वर नुसतं आभाळ होतं, आणि ते काळं झालं होतं.

टप घरी खुटबावला राहिला होता, कडब्याच्या गंजीवर. पंचक्रोशीतली वरात निघायची ती बापूसाहेबांच्या याच मोटारीतून. नवरदेव चहूबाजूंनी दिसला पाहिजे म्हणून गेल्या लग्नसराईत मेहमूद ड्रायव्हरनं टप सांगाड्यासकट उतरवला, तो पुन्हा चढवायचं कुणाच्या मनातच आलं नाही. इंदुमतीच्या आलं होतं. निघताना ती तसं म्हणालीही. "आश्विन लागला की सूनबाई, आता कुठला पाऊस?" म्हणत बापूसाहेबांनी नातवाच्या गालाला बोट लावलं, बोटाला चटका बसला, आणि मग तेच सगळ्यांच्या आधी मोटारीत जाऊन बसले.

पाटस मागं पडलं होतं. दौंडपर्यंत आता आडोसा म्हणून काही नव्हतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस तेवढा. पाऊस एकदम कोसळला. बापूसाहेबांनी छत्री उघडली, ती उलटी झाली आणि उडून उसात गेली. थोडं पुढं जाऊन मोटारीनं दोन आचके दिले आणि ती थांबली.

"इंजनात पानी गेलं, मालक," म्हणून मेहमूद हँडल घेऊन खाली उतरला.

बाळाच्या छातीत घरघर वाजत होती. इंदुमतीनं त्याला पदरात घेतलं, पदर भिजला. पोटाशी धरलं, तर लुगड्याचं पाणी त्याच्या अंगाला लागायला लागलं. कॉलेजात असताना तिनं आरोग्यशास्त्राचं पुस्तक पाठ केलं होतं. आजारी मुलाला कोरडे व उबदार ठेवावे, असं त्यात होतं. कशानं, ते नव्हतं.

बापूसाहेबांनी डोक्यावरचा फेटा काढला. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्यांचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. तिनं मान खाली घातली. त्यांनी फेटा सोडला, चौपदरी केला, एक बाजू पुढच्या काचेला गुंडाळली आणि मागचं एक टोक आपल्या हातात घेतलं.

"दुसरं टोक तुमी धरा."

एका हातात बाळ, एका हातात फेटा. जरा वेळ बरं वाटलं. मग फेट्याचा रंग सुटला आणि बाळाच्या कपाळावर गुलाबी पाणी ठिबकायला लागलं. ते रडलं असतं तर तिला धीर आला असता. ते रडत नव्हतं.

मागून यष्टी आली. मोटार ओळखून थांबली. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "रामराम बापूसाहेब! आवो, मोटारीची विहीर झाली की! चला आत, जागा हाय."

"वरात कुनाची म्हनायची ही?" आतून कुणीतरी विचारलं. दोघंतिघं हसले. मग त्यांना बापूसाहेबांचं उघडं डोकं दिसलं आणि ते गप्प झाले.

"हुईल चालू आत्ता," बापूसाहेब म्हणाले. "मार रं हँडल, मेहमूद."

परक्या माणसांसमोर इंदुमती सासऱ्यांशी कधी बोलली नव्हती. "मामंजी, मी बाळाला घेऊन यष्टीनं पुढं जाऊ का?"

ते रागावले नाहीत. त्यांच्या मिशांवरून पाणी गळत होतं. "आपल्या घरच्या बाया यष्टीत बसत न्हाईत, सूनबाई," ते म्हणाले. आपल्या हातात नसलेली गोष्ट सांगावी, तसं.

तेवढ्यात यष्टीच्या खिडकीतून दोन हात बाहेर आले. बांगड्यांवरूनच इंदुमतीनं ते ओळखले. मेहमूदची आई लालबी, दौंडला लेकीकडं निघालेली. बाळाला रोज न्हाऊमाखू घालायची ती.

"वैनीसाब, तुमी नगा येऊ. लेकराला द्या हिकडं. त्याला कसली आलीया रीत?"

बापूसाहेबांनी तोंड उसाकडं वळवलं.

इंदुमती गादीवर उभी राहिली. पायाखाली पाणी पचपचलं. तिनं बाळ वर उचललं आणि लालबीनं ते खिडकीतून आत ओढून घेतलं, कोरड्या पदरात गुंडाळलं.

"डाक्टर कंचा?"

"स्टेशनासमोरचे. छातीत घरघर आहे म्हणावं. रात्रीपासून अंगावर प्यालं नाही. आणि वाटेत दूध मागितलं तर—"

कंडक्टरनं दोरी ओढली. घंटी दोनदा वाजली. यष्टी हलली आणि खिडकी पुढं सरकली. मागितलं तर काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

यष्टीचं मागचं अंग पावसात थोडा वेळ दिसलं. मग फक्त आवाज आला, मग तोही नाही. मेहमूद हँडल मारत होता. इंजिन खोकायचं आणि गप्प व्हायचं.

इंदुमती खाली बसली. सवयीनं तिनं मांडी आवळून घेतली. तिच्यात गुलाबी पाणी साचत होतं. वर फेटा तसाच ताणलेला होता, एक टोक सासऱ्यांच्या हातात. दुसरं सुटून फडफडत होतं, ते तिनं पुन्हा धरलं.

"घट्ट धरा, सूनबाई," बापूसाहेब म्हणाले. "वारं हाय."