राखून ठेवलेलं रडणं

घुंगरू बांधता बांधता त्या पोरीनं सहज सांगून टाकलं, "मोतीबाई? थे त गेली मागच्या दिवाळीले. तुमाले कोनी सांगतलं नाही?"

बिजलीबाईनं नुसती मान हलवली. पोरीला घाई होती. भोंग्यावर आदिलाबादच्या बायकांचं नाव पुकारलं, तशी ती उठली आणि घुंगरू वाजवत मंचाकडं पळाली.

पुसदला नदीकाठच्या मैदानावर त्या हिवाळ्यात नाचगाण्यांचा मोठा मेळा भरला होता. पंजाबी ढोलवाले आले होते, मणिपूरकडचे नाचणारे आले होते. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा डोंगराळ मुलखातले गोरे गाणारेही होते. त्यांना बघायला महागाव-ढाणकीपासून गाड्या जुंपून लोक आले होते. बिजलीबाई मात्र एकाच माणसासाठी आली होती. आदिलाबादकडच्या तांड्यांतल्या बायका येणार, असं पुतण्यानं, उत्तमसिंगनं, सांगितलं आणि तिनं नवी कांचळी शिवायला घेतली. तिची धाकटी बहीण तिकडे दिली होती. नाच असेल तिथं मोती असणारच, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

बंजाऱ्यांच्या बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी बोलत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात हात टाकून सुरात रडतात. कोण जन्मलं, कोण गेलं, कोणता बैल दगावला, सगळं त्या रडण्यातच सांगायचं. त्याला ढावलो म्हणतात. डोळे पुसले की मग पाणी, मग गप्पा. पण ढावलो एकटीनं रडायचा नसतो. आणि रडणारीला एकटं सोडायचं नसतं.

नवरा, खेमसिंग, वारला तेव्हा तांड्यातल्या बायका बिजलीबाईच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. माहेरचं कुणी येऊ शकलं नाही. म्हणून अर्धं रडणं तिनं मोतीसाठी राखून ठेवलं होतं. आता मोतीचंही त्यात येऊन पडलं, आणि रडायला गळा उरला नाही.

"काकी, मावशी भेटली काय?" उत्तमसिंगनं विचारलं. त्याच्या गळ्यात डफडं होतं.

"नाही आली थे."

"येईन पुढच्या बारीले. चाय पेतं?"

"नोको बापा. तू तुह्या नाचाकडं पाह्य."

मंचावर आता गोरी मंडळी आली होती. त्यांच्यातली एक बाई पुढं झाली. पन्नाशीची, जाडजूड, डोक्याला काळा रुमाल बांधलेली. तिनं दोन्ही हात लोकांकडं पसरले आणि आवाज लावला. आवाज वर चढला, टोकाला जाऊन फाटला आणि थरथरत खाली आला.

बिजलीबाईच्या अंगावर काटा आला. ती बाई हात पसरून उभी होती आणि लोक भुईमुगाच्या शेंगा फोडत बघत बसले होते. कुणी उठेना.

"अवं, जा नं कोनी तिच्यापाशी!" ती शेजारच्या बायकांना म्हणाली.

"गानं हाये थे, बुढे. बस खाली."

"गानं? असे हात पसरून?"

आवाज पुन्हा फाटला. बिजलीबाई उठली. फेटिया घागऱ्याचा घोळ सावरत, माणसांच्या मांड्यागुडघ्यांवर पाय देत मंचाच्या पायऱ्या चढली.

"ओ बाई! कुठं चालल्या? उतरा खाली!" व्यवस्थापक पंजाबराव ओरडले. मैदानातून शिट्ट्या आल्या.

बिजलीबाईनं त्या बाईच्या गळ्यात हात टाकले. गाणं तुटलं. आणि तुटलेल्या जागी ढावलोचा सूर उठला. समोरच्या माइकनं तो उचलला आणि भोंग्यानं सगळ्या मैदानावर नेला. त्यात खेमसिंग होता, त्याच्यामागं चार दिवस कडबा न खाल्लेला बैल होता. शेवटी मोती आली. शिट्ट्या थांबल्या. आदिलाबादच्या बायकांनी ओढणीची टोकं डोळ्यांना लावली.

गोरी बाई आधी लाकडासारखी ताठ उभी होती. मग तिचे हात हळूहळू वर आले, तिनं बिजलीबाईच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

मंचामागं उत्तमसिंग शरमेनं लाल झाला होता. गोऱ्यांबरोबर नागपूरची एक दुभाषी मुलगी होती. बिजलीबाईनं तिला हाताला धरलं.

"विचार नं माय, तिच्या घरचं कोन गेलं?"

मुलगी अवघडून हसली. "आजी, कोणी गेलेलं नाही. ते हसायचं गाणं होतं. त्यांच्याकडं लग्नात म्हणतात. जावयाला साधी बकरी वळता येत नाही, अशी टिंगल असते त्यात."

"घ्या!" उत्तमसिंगनं कपाळावर हात मारला. "हसायच्या गान्यात रडून आली आमची काकी! आता तांड्यात तोंड कसं दाखवू?"

बिजलीबाईचा चेहरा उतरला. परक्या मुलखातून आलेल्या बाईचं गाणं आपण नासवलं. ती पाठ फिरवून निघाली, तर तिला जाता येईना. गोऱ्या बाईनं तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं. तिचं नाक लाल झालं होतं, डोळे अजून वाहत होते.

"मंग थे काहून रडली?" बिजलीबाई म्हणाली.

मुलीनं ते तिच्या भाषेत तिला विचारलं. गोरी बाई खाली बघत बराच वेळ बोलत राहिली. मुलीच्या ओठांवरचं हसू मावळलं.

"ती म्हणते," मुलगी सावकाश म्हणाली, "घर सोडल्यापासून ती गावोगाव गाते आहे. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. जवळ फक्त तुम्ही आलात."