डावीकडचं बटण

गॉर्डीने जपानहून आणलेली तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घरच्या गॅरेजमध्ये दोन हिवाळे खपून नवी केली. स्टीअरिंग मात्र तिकडच्यासारखं उजवीकडेच ठेवलं.

"अरे, कॅनडात राहतोस, इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, तिकडे घे की! वहिनी त्या डाव्या सीटवर बसून काय माश्या मारणार?" मी शेजारधर्म पाळला.

त्याने डाव्या सीटसमोर बसवलेलं एक बटण दाबलं. हॉर्न वाजला.

फिट्स येतात म्हणून लोरेनवहिनींचं लायसन्स गेल्या वर्षीच गेलंय. रविवारी त्या डावीकडे बसल्या, मी मागे अंग चोरून. सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याने काच खाली केली. "काकू, झकास! किती पळवता?"

वहिनींनी हॉर्न दिला. "मागे पडलास की कळेल."

गॉर्डी हळूच सीटमध्ये खाली सरकला आणि हिरवा दिवा लागताच त्याने गाडी सुसाट सोडली.