शिकाऊचं ट्रम्पेट

चाकूरची मंगल लातुरात खाजामियाँच्या बँडच्या दुकानात शिरली आणि तिनं ट्रम्पेट मागितलं.

"वाजवणार कोण, ताई?"

"मीच. आजवर हातात धरलं न्हाई."

खाजामियाँनी कपाटातून नवंकोरं, हलकं ट्रम्पेट काढलं. "शिकाऊला हेच बेस. दम कमी लागतो. सहा म्हयन्यात सूर लागतो."

"सहा म्हयने? मला परवा वाजवायचंय. पोरीची हळद हाय."

"मग आमचा बँड न्या की! तुम्ही आई, तुम्ही निवांत हळद लावा."

"तीच तर लावू देईना गेलेत. दीर म्हनले, नवरा मेलेल्या बाईचा हात हळदीला नको, मागच्या खोलीत बस. म्हनलं, बसते. तिथल्या खिडकीतून फुंकत बसते. मला मांडवात बोलवंस्तोवर थांबणार न्हाई."

"पन ताई, सूरच लागला न्हाई तर?"

"सूर लागला तर नाचतील की मेले!"

खाजामियाँनी नवं ट्रम्पेट परत कपाटात ठेवलं. खुंटीवरचं जुनं, चेपलेलं काढून तिच्या हातात दिलं.

"मग हे न्या. तीस वर्षं झाली फुंकायलोय, ह्याला एकदाबी सूर लागला न्हाई."