निम्म्याचं निम्मं

"दार उघडू नका," ती आतून म्हणाली.

बाहेर नवरा दहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन उभा होता. बायकोला थायरॉईडच्या गाठीसाठी किरणोत्सारी औषध दिलं होतं. त्याचा असर ओसरेपर्यंत तिनं मागच्या खोलीत एकटं राहायचं, मुलीला जवळ घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. असर दर आठवड्याला निम्मा होतो, एवढं नवऱ्यानं ऐकलं होतं. पहिल्या आठवड्यात निम्मा गेला, दुसऱ्यात उरलेला निम्मा. त्याच्या लेखी काम फत्ते झालं होतं.

"अहो, निम्म्याचं निम्मं," ती म्हणाली. शाळेत ती गणित शिकवायची. "अर्धा, मग पाव, मग आठवा हिस्सा. शून्य कधी येतच नाही. सोळावा हिस्सा उरला की चालेल, म्हणालेत डॉक्टर."

सासूबाई मागेच उभ्या होत्या. शून्य कधी येत नाही, एवढंच नेमकं त्यांच्या डोक्यात बसलं.

चौथा आठवडा सरला. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. दवाखान्यातून परतल्यावर तिनं घरात पाऊल टाकताच हात पुढे केले, तर सासूबाई नातीला छातीशी धरून मागे सरकल्या.

"तूच म्हणालीस, ते संपत नाही."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. सासूबाईंनी महिनाभर पोरीसाठी रात्री जागून काढल्या होत्या, हे ती जाणून होती. तरीही तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, शून्य तुमच्याही अंगात नाही. असलं थोडंसं मातीत असतं, जेवणात असतं, हिच्याही अंगात आहे. शून्याचीच वाट बघायची, तर तुम्हीही हिला खाली ठेवा."

तिनं कुणाच्या होकाराची वाट पाहिली नाही. लेकीला सरळ उचलून घेतलं.

लेकीनं तिचा चेहरा निरखला. ओळख पटली नाही. तिनं भोकाड पसरलं आणि दोन्ही हात आजीकडे केले.

"विसरली गं ती तुला," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आण इकडे."

तिचे डोळे भरून आले. पण तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं आणि सगळ्यांकडे पाठ फिरवली.

"रडू दे. आज तासभर रडेल, उद्या अर्धा तास, परवा पाव."