पंच भंगारवाला

फडकं लालभडक झालेलं पाहून बायको दारातूनच ओरडली, "अहो, गाडी सोलताय की काय? रंगच उतरला सगळा!"

"मेलेला रंग उतरतोय," भिंगोबा मान वर न करता म्हणाले. "जिवंत खाली आहे."

"तुम्हाला दिसतोय वाटतं?"

"मला नाही. बोटांना दिसतो."

भिंगोबा हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी चष्म्यांची भिंगं घासली, अर्ध्या गावाला वाचतं केलं आणि शेवटी स्वतःचेच डोळे घालवून बसले. डॉक्टरांनीही हात टेकले. दोन महिन्यांपूर्वी भर चौकात त्यांनी एका कचराकुंडीला दहा मिनिटं हॉर्न दिला. वर काच खाली करून, "बाई, सरकताय की उतरू?" असा दमही भरला. त्याच संध्याकाळी मुलाने किल्ली काढून घेतली. नवराबायकोची रविवारची तळ्यापर्यंतची फेरी तेव्हापासून बंद.

गाडी सव्वीस वर्षांची. इंजिन ठणठणीत, पण मूळचा डाळिंबी रंग विटून खडू फासल्यासारखा झालेला. मुलाने येत्या रविवारी दहा वाजता भंगारवाल्याला बोलावलं आणि घरात रण माजलं.

"भंगार कुणाला म्हणतोस? घासली तर आरसा होईल आरसा!" भिंगोबा कडाडले.

"आरसा? बाबा, भंगारवाल्याला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं ना, तर राहू दे गाडी!"

"मग पंचही तोच," बायको मध्येच म्हणाली. "आणि चमकलीच, तर किल्ली माझ्याकडे राहील. तुम्हा दोघांचाही मला भरवसा नाही."

मुलाला ते पटलं. आई आपल्याच बाजूची, यात त्याला शंका नव्हती. 'विका एकदाचा तो डबा' हे पालुपद दोन महिने तिचंच तर होतं.

हातात चार दिवस होते. भिंगोबांनी आधी गाडी दोन बादल्यांनी धुतली. एक साबणाची, एक फडकं खळबळायची. मग बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून छतापासून डिकीपर्यंत हात फिरवला. पिशवीतून कण न् कण टोचतो, ही भिंगवाल्यांची जुनी युक्ती. टोचेल तिथे त्यांनी मऊ मातीचा ओला गोळा फिरवला.

आणि बॉनेटवर त्यांचा हात थबकला. नखाला बारीक बारीक रेघा लागत होत्या. हजारो. सगळ्या गोल.

भिंगोबा मटकन पायरीवर बसले. सव्वीस वर्षं, रोज सकाळी, लाडाने ते गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसत आले होते. दुकानात एका कारागिराने भिंग कोरडं पुसलं, तर त्याला त्यांनी दिवसभर उभं केलं होतं. आणि घरी हे!

"उन्हाने नाही गं," ते बायकोला म्हणाले. "मीच मारली तिची चमक. प्रेमाने."

"प्रेमाने माणसं मरतात, ही तर गाडी," ती म्हणाली आणि पुढ्यात बसून डावी पोटरी चोळायला लागली. रोज सकाळी तासभर फिरायला जायची, आल्यावर हेच.

"चालून चालून एकच पाय कसा दुखतो तुझा?"

"दुसरा शहाणा आहे. तुम्ही आपली गाडी घासा."

भिंगोबांनी घासली. आधी पॉलिशचा जाड मसाला, मग मध्यम, मग लोण्यासारखा मऊ; ऊन सरकेल तशी गाडी ढकलून सावलीत. वीतभर जागा संपल्याशिवाय पुढे जायचं नाही. कडांना रंग पातळ, म्हणून तिथे आधी चिकटपट्टी. शनिवारी शेवटचं मेण चढलं तेव्हा खांदे उतरले होते, पण हात फिरवला तर बोट थांबेचना, घसरगुंडीवरून पोर जावं तसं.

आता खोटं कशाला बोला, रविवारी सकाळी एका कावळ्याने दाराच्या पत्र्यातल्या कावळ्याशी अर्धा तास भांडण केलं आणि हरून उडून गेला. शेजारी पेपर घ्यायला आला, तो गाडीत बघून भांग पाडून गेला.

ठीक दहाला भंगारवाला आला. पक्का धंदेवाईक. गाडीभोवती एक चक्कर मारून, ओठ घट्ट मिटून म्हणाला, "ठीक आहे. पत्रा जुनाच."

मुलाने सुटकेचा श्वास सोडला. भिंगोबांचा चेहरा पडला.

भंगारवाला बॉनेटवर वाकला. वाकलेलाच राहिला. मग त्याने हळूच तोंड उघडलं, करंगळीच्या नखाने दातात अडकलेलं पालेभाजीचं पान काढलं, आणि पुन्हा वाकून सगळं निघालं का ते नीट पाहिलं. "तिच्यात बघून दात कोरतोय," बायको भिंगोबांच्या कानात कुजबुजली.

"हरलास रे!" भिंगोबा असे काही गरजले, की भंगारवाल्याने दचकून तोंड मिटलं. शेजाऱ्याने टाळ्या वाजवल्या. ज्याच्या डोळ्यांवर घरात कुणाचा विश्वास नव्हता, त्याने जगाला आरसा दाखवला होता.

मुलाने मुकाट्याने किल्ली आईच्या हातात ठेवली. भंगारवाला रिकामा परत गेला, पण जाताना त्याने एकदा मिशी बघितलीच.

भिंगोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, गाडीच्या कडेने हात फिरवत चालकाच्या दाराशी गेले आणि हात पुढे केला. "दे. एकदाच. तळ्यापर्यंत."

"आई, देऊ नकोस! शपथ आहे तुला!" मुलगा धावला.

"नाही देत रे. तुला सांगितलं ना, माझ्याकडेच राहील म्हणून." तिने नवऱ्याला हाताला धरून पलीकडच्या सीटवर नेऊन बसवलं, पट्टा लावला, स्वतः स्टिअरिंगमागे बसली, पर्समधून परवाच आलेलं कोरं करकरीत लायसन्स काढून खिडकीतून मुलाच्या हातावर ठेवलं, आणि गाडी एका दमात उलटी घेत फाटकाबाहेर काढली.