बोअरची पाहणी

शहाऐंशीच्या दुष्काळात, जळकोटजवळच्या एका वाडीत, सोसायटीच्या बोअरवरची नवी मोटार तीन महिने मुक्या देवासारखी बसून होती. परवान्यावर वारलेल्या चेअरमनचे नाव होते आणि ते बदलेपर्यंत मोटार चालवण्यास मनाई होती. "अप्पा, चेअरमनला वरनंच सही धाडाय सांगा की!" कोसभरावरून घागर आणणारी इरम्मा रोज टोमणा मारी. तरीही मोटार राखणाऱ्या महालिंगप्पाने बटणाला बोट लावले नाही.

अखेर पाहणीला साहेब आले, नखशिखांत धुळीने माखलेले.

"आधी आंघोळ, मग सही."

"साहेब, पानी तर बोअरातच हाय."

"मग दाब की बटण! मी आहे ना इथे!"

साहेब मनसोक्त न्हाले आणि डोके पुसता पुसता त्यांनी शेरा लिहिला:



"मोटार विनापरवाना चालू आढळली. सील करावी."