बोट आधी

“बोट आधी, ऑपरेशन मागनं,” गौरम्मा म्हणाल्या आणि मिरजेच्या डॉक्टरांचं पत्र त्यांनी लेकाच्या हातात परत दिलं.

रेवणप्पाने कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांनी दिलेली ही तिसरी तारीख. आईच्या उजव्या खुब्याचा सांधा पार झिजला होता. देवघरातून मोरीपर्यंत जायचं तरी तिला भिंत धरावी लागे. झिजलेला सांधा काढून मिरजेला आता धातूचा नवा बसवतात, हे कळलं तेव्हा त्याला कोण आनंद झाला होता! “चालायला लागतील,” डॉक्टर म्हणाले होते. “पण उन्हाळ्याच्या आत करून घ्या. एकदा खाट धरली की माझ्या हातात काही राहणार नाही.” आणि ऑपरेशननंतर चार महिने प्रवास बंद, हेही त्यांनी बजावलं होतं.

तेव्हाच गौरम्मांनी बोटीचं खूळ काढलं. जन्मात समुद्र बघितला नाही. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या बोटीत बसायचंय, आणि तेही पाय कापायच्या आधी. पासष्ट वर्षांत या बाईने स्वतःसाठी एक लुगडंसुद्धा तोंडाने मागितलं नव्हतं. तिने एकदम बोटच मागितल्यावर रेवणप्पा नाही कसा म्हणणार?

गावातल्या सात रस्त्याच्या चौकात बोटीची तिकिटं काढून देणारा एक ओळखीचा माणूस होता. रेवणप्पा आपलं कापडाचं दुकान सोडून रोज त्याचं डोकं खायला जाऊ लागला. कठडा छातीएवढा उंच असतो का? बुडणाऱ्याला टाकायची कडी किती असतात? किनारा सारखा दिसत राहतो का? “आईसाठी विचारतोय,” एवढं सांगायला तो कधी विसरला नाही. त्याची बायको दाक्षायणी म्हणायची, “अव्वांपेक्षा तुमीच लई घोर लावून घेतलाय की.”

गौरम्मांनी मात्र बोटीबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. त्यांना फक्त तारखा लागत. पहिली तारीख आली तेव्हा संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा आडवी आली. दुसरीला अमावास्या निघाली. बोट पुढे गेली की मागोमाग ऑपरेशनही पुढे जाई. आता शहात्तरचा मार्च उजाडला होता. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद होतात, आणि पाय तर रोज थोडा थोडा हातचा जात होता.

या खेपेला रेवणप्पाने काही ऐकून घेतलं नाही. आईला आणि बायकोला घेऊन त्याने सरळ मिरजेची एस.टी. धरली.

डॉक्टर रागावले नाहीत. खुर्ची ओढून ते गौरम्मांच्या समोर बसले. “आजी, खरं सांगा. कापून घ्यायची भीती वाटते का?”

“कापा की,” गौरम्मा म्हणाल्या. “पाच बाळंतपणं झालीत माजी.” मग त्यांचा हात पदराआडून गळ्याशी गेला. तिथे चांदीच्या डबीत त्यांचं लिंग होतं, लिंगायतांनी जन्मभर अंगावर बाळगायचं शिवलिंग. “आमच्या शेजारच्या शांतम्माचं आपरेशन झालं, तवा तिच्या अंगावरचं सगळं काडून घेतलं. हे बी काडायला लावणार न्हवं तुमी?”

रेवणप्पाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. आठव्या वर्षी दीक्षा देताना जंगमस्वामींनी बांधलेलं ते लिंग अव्वाने अंघोळीलाही कधी अंगावेगळं केलं नव्हतं. मेल्यावरसुद्धा ते बरोबरच जायचं. ते उतरवून धडधाकट चालण्यापेक्षा लंगडत मरणं तिला परवडलं असतं. मग तिने आधी का विचारलं नाही? कारण लेक काय म्हणेल हे ती ओळखून होती. ‘तासाभराचा तर प्रश्न आहे, अव्वा!’ आणि तो नेमकं हेच म्हणाला असता.

डॉक्टरांनी त्यांचा डावा हात हातात घेतला. “डबी सुनेकडे राहील,” ते म्हणाले. “लिंग कापडात गुंडाळून तुमच्या डाव्या तळहातावर ठेवू आणि वरून पट्टी बांधू. शुद्धीवर आलात की पट्टी तुमची तुम्हीच सोडायची. मला खुबा पाहिजे आजी, हात नको.”

गौरम्मांनी डॉक्टरांकडे बघितलं, मग सुनेकडे. डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत निघाला. “मग ह्याच सोमवारी करा की!”

बाहेर येऊन तिघं लिंबाखालच्या बाकावर बसली. दाक्षायणीने कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. गौरम्मा भुकेने जेवू लागल्या. वर सुनेची थट्टा केली, चटणीत मीठ कमी म्हणून नाक मुरडलं. कित्येक दिवसांनी अव्वा पूर्वीसारखी दिसत होती. रेवणप्पाचा जीव भांड्यात पडला. पण आईला दिलेला शब्द राहिलाच होता. तो त्याला मोडायचा नव्हता. छाती पुढे काढून तो म्हणाला, “अव्वा, काळजी करू नगंस. दसऱ्यानंतर बोटी परत सुरू व्हतात. आपण जायचं म्हणजे जायचं. पार कठड्याला उभं राहून समुद्र बघायचा.”

गौरम्मांचा घास हातातच राहिला.

“बोट ब्याड रे बाबा, नगं!” त्या म्हणाल्या. “तारीख पुढं ढकलायला काय तरी पायजे हुतं, म्हणून म्हणलं मी. हिरीत वाकून बघितलं तरी पोटात गोळा येतोय माज्या. तेवड्या पाण्यात कोण जाऊन बसतंय?”

दाक्षायणी तोंडाला पदर लावून हसायला लागली. रेवणप्पा हसला नाही. त्याने टोपी काढली, कपाळावरचा घाम पुसला आणि हलकेच आईच्या शेजारी सरकला.

“अव्वा,” तो म्हणाला, “त्या बोटीच्या भ्यानं चार महिनं झालं, मला झोप न्हाय.”